बारा फेनिगचं टपाल

कोर्टात ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली अकरा नाझर शाखेत. पावत्या फाडायच्या, साक्षीदारांचा भत्ता जमा करून घ्यायचा, नक्कल मागणाऱ्याकडून फी आणि टपालखर्च घ्यायचा, आणि संध्याकाळी कॅशबुक जुळवायचं. रुपयाचा फरक निघाला तरी तो सापडेपर्यंत उठायचं नाही. त्यामुळे हिशोबाचा कागद दिसला की माझी नजर आपोआप तळाच्या बेरजेवर जाते. मागच्या उन्हाळ्यात लेकीकडे बर्लिनला होते, तेव्हा अशाच एका हिशोबाने मला जे धरलं ते अजून सोडलेलं नाही. म्हणून हे लिहितेय. लांब आहे, सवडीने वाचा.

बर्लिनच्या उत्तरेकडे प्लोत्सेनझे नावाचा तुरुंग आहे. एकोणिसाव्या शतकातला, लाल विटांचा. त्याच्या आवारात, मुख्यतः तिथल्या एका छोट्या इमारतीत, १९३३ ते १९४५ या बारा वर्षांत २,८९१ माणसांना ठार मारलं गेलं. त्याआधी, १८९० ते १९३२ या बेचाळीस वर्षांत, तिथे ३६ जणांना मृत्युदंड झाला होता. आकडे मी पुन्हा वाचून घेतले, कारण आधी वाटलं आपलीच वाचण्यात चूक होतेय.

लेक म्हणाली होती, "आई, तिथे कशाला? राजवाडे बघू, बागा बघू." पण आली बिचारी बरोबर. तिकडे जाणाऱ्या गल्लीला हुटिगपाड म्हणतात. रिचर्ड हुटिग या तरुण कम्युनिस्टाचं नाव आहे ते. नाझी आल्यावर प्लोत्सेनझेत मारला गेलेला तो पहिला राजकीय कैदी. जून १९३४ मध्ये तुरुंगाच्या अंगणात कुऱ्हाडीने त्याचं मुंडकं उडवलं. होय, कुऱ्हाडीने. पुढे न्यायमंत्र्यांच्या सूचनेवरून हिटलरने गिलोटिन, म्हणजे मान कापायचं यंत्र, मंजूर केलं आणि १९३७ च्या सुरुवातीला बाडेन प्रांतातल्या ब्रुख्जाल तुरुंगातून ते यंत्र गुपचूप इथे आणलं गेलं. १९४२ च्या अखेरीस त्याच खोलीत छताखाली एक लोखंडी तुळई बसवली आणि तिला आठ आकडे लावले. फास द्यायला.

तुळई अजून तिथे आहे. खोली अगदी रिकामी. दोन कमानदार खिडक्या, त्यातून चांगला उजेड येतो. कुणी बोलत नव्हतं. त्या आकड्यांकडे मी वर मान करून फार वेळ बघू शकले नाही. खाटकाच्या दुकानात असतात तसेच आहेत, याहून जास्त मला लिहिता येणार नाही.

शेजारच्या खोलीत कागद आहेत. आणि मला खरं हललं ते तिथे.

माणूस मारला की त्याच्या घरच्यांना खर्चाचं बिल जायचं. मृत्युदंडाची फी ३०० राइशमार्क, म्हणजे तेव्हाचं जर्मन चलन. तुरुंगात काढलेल्या प्रत्येक दिवसाचे दीड मार्क. आणि शेवटी, हे बिल पोस्टाने पाठवायचा खर्च, १२ फेनिग, म्हणजे आपल्याकडचे पैसे असतात तसे.

मंडळी, टपालखर्च मी आयुष्यभर लावलाय. एक बाई आठवते. नवऱ्याच्या खटल्याच्या निकालाची नक्कल हवी होती तिला. रुमालाची गाठ सोडून नाणी माझ्या टेबलावर एकेक करून मोजली. मी पावती फाडली, शिक्का मारला, "पुढचे" म्हटलं. त्यात माझं काही चुकलं असं नाही, नियमच होता. पण प्लोत्सेनझेत त्या १२ फेनिगवर माझं बोट थांबलं, कारण तो रकाना कसा भरला जातो हे मला माहीत आहे. कुणीतरी आवक-जावक रजिस्टर उघडलं असणार. मयताच्या आईचा, बहिणीचा पत्ता उतरवून घेतला असणार. दिवस मोजले असणार, दीडने गुणले असणार, बेरीज दोनदा तपासली असणार. पाकिटावर तिकीट चिकटवलं असणार. आणि संध्याकाळी हिशोब जुळला म्हणून समाधानाने घरी गेला असणार.

कार्लरोबर्ट क्राइटेन हा २७ वर्षांचा पियानोवादक होता. लहानपणापासून मंचावर वाजवणारा, ज्याच्याबद्दल मोठमोठ्या उस्तादांनी आशा धरावी असा. मार्च १९४३ मध्ये बर्लिनला आईच्या जुन्या मैत्रिणीकडे उतरला असताना तो बोलून गेला की युद्ध हातचं गेलंय, हिटलर आजारी माणूस आहे. बाईंनी शेजारणींना सांगितलं आणि तक्रार झाली. मे महिन्यात हायडेलबर्गला कार्यक्रमाच्या आधी त्याला उचललं. ३ सप्टेंबरला फोल्क्सगेरिष्ट्सहोफने, म्हणजे तथाकथित जनता न्यायालयाने, मृत्युदंड सुनावला आणि चार दिवसांत तो संपला. दयेच्या अर्जासाठी घरचे वणवण करत होते, त्यांना कुणी कळवलंसुद्धा नाही. मग बिल आलं. ६३९ मार्क २० फेनिग.

एल्फ्रीडे शोल्झ शिवणकाम करायची. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता युद्ध हरल्यातच जमा आहे म्हणाली. तिचा भाऊ जगप्रसिद्ध कादंबरीकार, नाझींचा नावडता, आधीच देशाबाहेर पडलेला. त्याच जनता न्यायालयाचा न्यायाधीश फ्राइसलर तिला भर कोर्टात म्हणाला की तुझा भाऊ आमच्या हातून निसटला, तू निसटणार नाहीस. १६ डिसेंबर १९४३ ला तिचा शिरच्छेद झाला. बहिणीला बिल गेलं ४९५ मार्क ८० फेनिगचं.

क्राइटेन गेला त्या रात्रीबद्दल थोडं सांगते. सप्टेंबरच्या सुरुवातीला विमानहल्ल्यात तुरुंगावर बॉम्ब पडले, गिलोटिन मोडलं, काही कैदी पळाले. मृत्युदंडाचे तीनशेच्या आसपास कैदी आत होते. न्याय मंत्रालयाला हे 'प्रलंबित काम' वाटलं. दयेचे अर्ज घाईघाईने निकाली काढले आणि नावं फोनवरून तुरुंगाला कळवली. ७ सप्टेंबरला अंधार पडल्यावर सुरुवात झाली. आठ-आठ जणांना बोलवायचं, कारण आकडे आठ. वीज गेलेली, मेणबत्त्या लावलेल्या. सकाळपर्यंत १८६ जण गेले. मारणारे दमले म्हणून थांबले आणि पुढच्या रात्री परत सुरू केलं. पाच-सहा दिवसांत अडीचशेहून जास्त. त्यात काही जण चुकून मारले गेले, त्यांच्या अर्जाचा निर्णय व्हायचा होता. फोनवर नाव सांगताना घोटाळा. एवढी नियमाची माणसं, १२ फेनिग न विसरणारी, आणि माणूसच चुकीचा!

आपल्याकडे या विषयावर बोलणं निघालं की बहुतेक जण म्हणतात, हिटलर वेडा होता, राक्षस होता, संपलं. मला हे पटत नाही, आणि आता तर अजिबातच नाही. हिटलर प्लोत्सेनझेला बिलं लिहायला बसला नव्हता. तिथे जे झालं ते कोर्टाच्या हुकमाने झालं. सरकारी वकील होते, लेखी निकाल होते, निकालपत्रांना क्रमांक होते. नाझी सत्तेवर आले तेव्हा मृत्युदंडाचे गुन्हे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, ते चाळीसच्या पुढे नेले. परदेशी रेडिओ ऐकून पत्रकं काढली, युद्धाबद्दल शंका बोलून दाखवली, ब्लॅकआउटच्या अंधारात चोरी केली, सगळ्याला एकच शिक्षा. मारल्या गेलेल्यांत अंदाजे निम्मे जर्मन होते. ६७७ जण चेकोस्लोव्हाकियातले, २५३ पोलंडचे, २४५ फ्रान्सचे. सुमारे तीनशे बायका. हेल्मुट ह्युबेनर तर १७ वर्षांचा. हॅम्बुर्गचा पोरगा, सरकारी कचेरीत उमेदवारी करणारा. चोरून बीबीसी ऐकायचा आणि ऐकलेलं टाइप करून वाटायचा. २७ ऑक्टोबर १९४२ ला दुपारी त्याला सांगितलं की अर्ज फेटाळला, आणि रात्री सव्वाआठच्या आत सगळं आटोपलं.

अंधारात चोरी करणाऱ्यांची नावं मी मुद्दाम घेतेय. शूरवीरांची यादी करताना त्यांना कुणी धरत नाही. मला ती माणसंही या २,८९१ मध्ये हवी आहेत. दुकान फोडलं म्हणून मान कापायची हा न्याय नव्हे, मग तो चोर का असेना.

ओटो आणि एलिझ हाम्पेल हे बर्लिनचं साधं कामगार जोडपं. १९४० मध्ये एलिझचा भाऊ युद्धात गेला आणि दोघांचं मन फिरलं. घरी बसून पोस्टकार्डं लिहायला लागले, हिटलरविरुद्ध, युद्धाविरुद्ध. अक्षर ओबडधोबड, शुद्धलेखन चुकलेलं. दोन वर्षं दोनशेहून जास्त कार्डं परक्या इमारतींच्या जिन्यात ठेवून आले. लोकांनी काय केलं? बहुतेक सगळी कार्डं पोलिसांना नेऊन दिली. ८ एप्रिल १९४३ ला दोघांनाही मारलं. त्या कार्डांवरची अक्षरं बघताना मला आमच्याकडे येणारे हाताने लिहिलेले अर्ज आठवले, ज्यात वेलांट्या चुकलेल्या असतात पण काय म्हणायचंय ते अगदी स्वच्छ असतं.

आणि हिल्डे कोप्पी. नवरा हान्स आणि ती, दोघंही हेरगिरीचा शिक्का बसलेल्या एका विरोधी गटातले. अटक झाली तेव्हा ती गरोदर. नोव्हेंबर १९४२ मध्ये बायकांच्या तुरुंगात मुलगा झाला. महिन्याभरात, २२ डिसेंबरला, बाळाच्या बापाला प्लोत्सेनझेत मृत्युदंड. तिला मात्र बाळ अंगावर पितंय तोवर ठेवलं. ५ ऑगस्ट १९४३ ला तिचाही शिरच्छेद. बाळ आठ महिन्यांचं. मी स्वतः आई आहे, आता आजी आहे. त्या पॅनेलपुढून लेकीने मला हाताला धरून बाहेर आणलं. तो मुलगा मोठा होऊन इतिहासकार झाला आणि त्याने आईबापांच्या गटाचाच अभ्यास केला.

प्रेतंसुद्धा घरच्यांना देत नसत. बरीच बर्लिनच्या शरीररचनाशास्त्र विभागात जायची. तिथले प्राध्यापक हेर्मान श्टीव्हे मृत्युदंड झालेल्या बायकांच्या शरीरांवर संशोधन करत होते, मरणाच्या भीतीने पाळीवर काय परिणाम होतो याचं. हे गृहस्थ युद्धानंतरही सन्मानाने पदावर राहिले. त्यांच्या वारसांकडे काचपट्ट्यांवरचे बारीक नमुने सापडले, सुमारे तीनशे. मे २०१९ मध्ये बर्लिनच्या एका दफनभूमीत ते पुरले. शहात्तर-सत्त्याहत्तर वर्षांनी झालेला अंत्यविधी!

न्यायाधीशांचं काय झालं, हे मला विचारल्याशिवाय राहवेना. फ्राइसलर फेब्रुवारी १९४५ मध्ये बॉम्बहल्ल्यात मेला. त्याच्या बायकोला पश्चिम जर्मनीत पेन्शन तर मिळालीच, वर वाढही मिळाली. नवरा जगला असता तर वकिलीत किंवा सरकारी सेवेत चांगलं कमावता झाला असता, या हिशोबाने. १९८५ मध्ये हे उघड झालं तेव्हा लोक भडकले. हान्स-योआखिम रेझे हा फ्राइसलरचा सहकारी, निदान २३१ मृत्युदंडांवर याची सही. त्याला खालच्या कोर्टाने पाच वर्षं दिली होती, ती वरच्या कोर्टाने रद्द केली आणि १९६८ मध्ये तो निर्दोष सुटला. त्या जनता न्यायालयाच्या एकाही न्यायाधीशाची शिक्षा पश्चिम जर्मनीत कायम झाली नाही. आणि ज्यांच्या माना कापल्या, त्यांच्यातल्या कितीतरी जणांवरचा गुन्हेगार हा शेरा कागदोपत्री तसाच राहिला. बुंडेस्टागने, म्हणजे तिथल्या संसदेने, १९८५ मध्ये ते न्यायालय दहशतीचं हत्यार होतं असं जाहीर केलं, निकाल सरसकट रद्द करणारा कायदा १९९८ मध्ये केला, आणि युद्धकाळातल्या देशद्रोहाचे निकाल तर २००९ पर्यंत ताटकळले. चूक दुरुस्त करायला आपण वरिष्ठांकडे टिपण पाठवतो, त्यावर साठ-सासष्ट वर्षं सही होत नाही, असं काहीतरी.

"वरून हुकूम होता, आम्ही काय करणार" हे वाक्य मी नोकरीत शेकडो वेळा ऐकलं, स्वतःही म्हटलं. म्हणून हाराल्ड प्योल्शाउ या माणसाचा मला एवढा आदर वाटतो. तेही पगारी सरकारी नोकरच, १९३३ पासून बर्लिनच्या तुरुंगांत पाद्री. हजाराहून जास्त माणसांच्या शेवटच्या तासात ते सोबत बसले, त्या सप्टेंबरच्या रात्रीही. आणि घरी गेले की ज्यूंना लपायला जागा शोधून द्यायचे.

हेल्मुट जेम्स फोन मोल्टके हे हिटलरविरोधी वकील बर्लिनमधल्याच टेगेलच्या तुरुंगात खटल्याची वाट बघत होते. बायको फ्राया बाहेर. सप्टेंबर १९४४ पासून जानेवारी १९४५ पर्यंत दोघांची पत्रं प्योल्शाउ अंगरख्यात लपवून आणत आणि नेत. जवळजवळ रोज. पकडले गेले असते तर त्यांच्याही नावाने बिल निघालं असतं. नवऱ्याची पत्रं फ्रायांनी शेतावरच्या मधमाश्यांच्या पेट्यांत दडवून ठेवली, म्हणजे झडती घेणारे हात घालायला धजणार नाहीत.

२३ जानेवारी १९४५ ला मोल्टकेंना प्लोत्सेनझेत फाशी दिली. फ्राया २०१० पर्यंत जगल्या, आणि ती टेगेलची पत्रं त्या गेल्यावरच छापली गेली. लेकीने त्यांची प्रत मागवून दिलीय. जर्मन मला येत नाही, म्हणून रोज रात्री फोनवर ती एक पत्र मराठीत सांगते आणि मी वहीत उतरवून घेते, तारीख घालून. काल बारावं झालं.