उंदराला विचारलं कोणी? (एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर)

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया येऊन आठवडा झाला. दोनदा उत्तर लिहायला घेतलं आणि दोनदा पुसून टाकलं, कारण दोन्ही वेळा मी नुसता स्वतःचा बचाव करत होतो. आता जरा शांतपणे लिहितो.

इतर वाचकांसाठी थोडक्यात: चेहऱ्याच्या आणि जबड्याच्या जुनाट दुखण्याचा अभ्यास प्राण्यांवर कसा करतात, यावर मी मागे लिहिलं होतं. शीर्षक होतं 'जबडेदुखीचं कोडं उंदीर सोडवणार'. त्यावर ताईंनी लिहिलं, "नऊ वर्षं माझा जबडा दुखतोय. एमआरआय साफ आहे. सकाळी पहिला घास घेताना कळ थेट कानात जाते. उंदराच्या सांध्यात काहीतरी टोचून तो सुजवला, तर ते माझं दुखणं कसं झालं? मुळात त्याला दुखतंय का, हे त्याला विचारलं कोणी? मुक्या जिवांचे हाल करून आजवर एक तरी औषध निघालंय का?"

शीर्षकाबद्दल आधी माफी. लेखात जे नव्हतं ते मी मथळ्यात घातलं.

आता 'विचारलं कोणी' याबद्दल. दुखण्याला आपल्याकडे शब्दांचा तोटा नाही. कळ, चमक, ठणका, ठसठस, आग. रुग्ण यातला कुठला शब्द निवडतो यावरच डॉक्टरला बरंच कळतं. गालात विजेसारखी चमक मारते म्हटलं, की ट्रायजेमिनल न्यूराल्जियाची, म्हणजे चेहऱ्याची संवेदना नेणाऱ्या ट्रायजेमिनल नर्व्हच्या दुखण्याची, शंका येते. गाल जड होऊन दिवसभर ठणकतो म्हटलं, की हात आधी चावण्याच्या स्नायूंवर जातो. उंदीर यातलं काहीच बोलत नाही. (रॅट आणि माउस, मराठीत दोघेही उंदीरच; इथेही तसंच चालवून घ्या.)

म्हणून वर्षानुवर्षं एक साधा उपाय चालत आला. ठरावीक दाबाला वाकणारा बारीक तंतू घ्यायचा, त्याला व्हॉन फ्रे तंतू म्हणतात, आणि मिशांच्या मुळाशी हलकेच टेकवायचा. उंदराने डोकं झटकलं की वहीत खूण. हे काम मी काही महिने केलंय. तंतू टेकण्याआधीच, तो येताना बघूनच मान वळवणारे उंदीर असतात. त्याची खूण करायची की नाही, यावर आम्ही दोघं-तिघं तावातावाने भांडायचो. शिवाय उंदीर निशाचर. आमचा भर दिवस म्हणजे त्याची झोपेची वेळ. आणि एवढं करून मोजलं काय, तर स्पर्शाला दिलेला झटका. तुमची तक्रार स्पर्शाची नाहीच, घास चावण्याची आहे. तुमचा मुद्दा इथे मला पूर्ण मान्य आहे.

पण गाडी तिथेच थांबलेली नाही. २०१० मध्ये उंदराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची मोजपट्टी आली: डोळे किती मिटलेत, नाक आणि गाल किती फुगलेत, कान कुठे वळलेत, मिशा कशा आहेत. फोटो बघून प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण. त्याहून मला आवडते ती दुसरी पद्धत. उंदराला गोड दूध ठेवायचं, पण अशा जागी की तिथवर पोचायला त्याला केस काढलेला गाल धातूच्या तुकड्याला टेकवावा लागेल. तो तुकडा हवा तेवढा गरम किंवा गार करता येतो. उंदीर किती वेळा गाल टेकवतो आणि किती दूध पितो, हे यंत्र मोजतं. इथे झटका नाही, निवड आहे: दूध हवं की गाल वाचवायचा? शब्द नसलेल्या प्राण्याला 'विचारणं' म्हणता येईल असं काही असेल, तर ते हेच.

आता 'ते माझं दुखणं कसं झालं?' हा सगळ्यात धारदार प्रश्न. प्रामाणिक उत्तर: झालंच नाही. जबड्याच्या सांध्यात दाह करणारं द्रव्य टोचलं की दाहाचा अभ्यास होतो. तो सांधा सुजलेला असतो, तुमचा एमआरआय साफ आहे. दुसरी गाजलेली पद्धत १९९४ ची: डोळ्याखालून गालाकडे येणाऱ्या नर्व्हभोवती सैलसर धागे बांधायचे. पुढचे काही दिवस उंदीर त्या बाजूचा चेहरा सारखा पुसत राहतो. सुरुवातीला तिथला स्पर्श त्याला कमी जाणवतो, आणि मग काही आठवड्यांनी साध्या स्पर्शालाही तो दचकून मागे सरतो. याला सर्रास 'ट्रायजेमिनल न्यूराल्जियाचं मॉडेल' म्हणतात, ते मला खटकतं. माणसातल्या त्या आजारात बहुतेकदा रक्तवाहिनी नर्व्हच्या मुळाशी, मेंदूच्या बुडख्याजवळ, दाबत असते. गालातली नर्व्ह आवळणं म्हणजे इजेनंतरच्या नर्व्हदुखीचा अभ्यास. तीही माणसांना होते, दाढेच्या शस्त्रक्रियेनंतरसुद्धा, पण ती वेगळी. आणि न्यूराल्जियावर आजही पहिलं दिलं जाणारं कार्बामाझेपिन १९६२ मध्ये थेट रुग्णांना देऊन पाहिलं गेलं. चेहरा दुखणारा उंदीर त्या गोष्टीत कुठेच नव्हता.

जबड्याची घडणही वेगळी. तोंड उघडताना आपला सांधा ज्या हाडाच्या उंचवट्यावरून पुढे घसरतो, तो उंचवटा उंदराला नाही. त्याचा जबडा मुख्यतः पुढे-मागे सरकतो. समोरचे दात जन्मभर वाढतात, म्हणजे दुखलं तरी कुरतडणं त्याला सुटत नाही. सांध्याच्या रचनेचाच प्रश्न असेल, तर डुक्कर आपल्याला कितीतरी जवळचं. पण ते पाळायला जागा आणि पैसा लागतो, म्हणून पुन्हा उंदीर.

आणि एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण लिहायला हवी होती. जबडेदुखी बायकांमध्ये पुरुषांच्या साधारण दुप्पट. असं असताना, वेदनेवरच्या एका प्रमुख नियतकालिकातले दहा वर्षांतले प्राणी-अभ्यास २००५ मध्ये तपासले, तर त्यातल्या ७९ टक्क्यांत फक्त नर होते. २०१५ मध्ये दिसलं, की उंदरांत वेदना टिकवून ठेवणाऱ्या पेशीच नर-मादीत वेगळ्या असू शकतात. म्हणजे तुमच्या दुखण्याची चौकशी इतकी वर्षं चुकीच्या दारात चालली होती.

मग माझं तुमच्याशी पटत नाही कुठे? 'एक तरी औषध' या वाक्यापाशी. अपयशं आहेत, मोठी आहेत. सबस्टन्स पी या रेणूचा रस्ता अडवणारी औषधं प्राण्यांत वेदना कमी करत होती. माणसांत वेदनेने त्यांना दादही दिली नाही. त्या कुळातली औषधं आज केमोथेरपीच्या उलट्यांवर वापरतात. पण त्याच ट्रायजेमिनल नर्व्हवर दुसरी गोष्ट घडली. १९८८ मध्ये मांजरांत, आणि न्यूराल्जियासाठी उपचार घेत असलेल्या माणसांत, ही नर्व्ह उत्तेजित केल्यावर रक्तात सीजीआरपी नावाचा रेणू वाढलेला सापडला. दोन वर्षांनी तो अर्धशिशीच्या झटक्यातही दिसला. त्याला अडवणारं पहिलं प्रतिपिंड-औषध २०१८ मध्ये बाजारात आलं आणि अर्धशिशीच्या अनेक रुग्णांचे झटके कमी झाले.

यातला मधला एक तुकडा फार बोलका आहे. सीजीआरपीला अडवणारा सुरुवातीचा एक रेणू उंदराच्या ग्राहकाला (म्हणजे पेशीवरच्या ज्या जागी सीजीआरपी चिकटतो तिला) नीट चिकटतच नव्हता, माणसाच्या ग्राहकाला घट्ट चिकटायचा. फरक होता ग्राहकाच्या एका भागातल्या ७४ व्या अमिनो आम्लाचा. म्हणून त्याची परीक्षा मार्मोसेट माकडांत घेतली. उंदराचाच शब्द प्रमाण मानला असता, तर तो रेणू तिथेच फडताळात गेला असता. तेव्हा प्राणी मुळीच नकोत असं मी म्हणणार नाही. कुठल्या प्राण्याला कुठला प्रश्न विचारताय ते आधी सांगा, असं म्हणेन. अर्धशिशी म्हणजे तुमचा जबडा नव्हे, हे मीच लिहून ठेवतो.

हालांबद्दल मी वाद घालणार नाही. प्राण्यांऐवजी दुसरं काही वापरा, संख्या कमी करा, यातना कमी करा, ही तीन सूत्रं १९५९ पासून छापील आहेत, आणि छापील असणं वेगळं, पाळणं वेगळं. शिवाय यात एक पेच आहे, तो मला सुटलेला नाही: उंदराचं दुखणं माणसासारखंच आहे असं मी जितकं ठासून सांगेन, तितकं ते त्याला देणं मला जड जायला हवं. तंतू हातात घेऊन बसलो होतो तेव्हा हे सुचलं नाही. फोटोंना गुण देताना, एकाला डोळ्यांचे दोन देऊन पुढच्याकडे वळताना सुचलं.

शीर्षक आज बदललं आहे. आता ते 'जबडेदुखी आणि उंदीर: काय मोजतो, काय सुटतं' असं आहे. जुनं मथळ्याखाली काट मारून ठेवलंय, नाहीतर तुमची प्रतिक्रिया नेमकी कशावर होती ते नव्या वाचकाला कळायचं नाही. रात्री दात खाण्याबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. त्यात उंदराचा काही संबंध नाही, म्हणून त्यावर वेगळं लिहितो.