येऊरच्या डब्यांचा मेसेज पुढे पाठवू नका

"येऊरच्या जंगलात परदेशी अ‍ॅपवाले पैशांचे डबे पुरतात. वनखात्याने त्यांना रान मोकळं करून दिलंय. डब्यात ड्रग्ज असतात, लहान मुलांना तिथे बोलावून पळवतात. झुडपात डबा शोधताना कोणी दिसला तर आधी चोप द्या, मग पोलिसांना बोलवा."

हा मेसेज ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. वर्तकनगरला राहणाऱ्या माझ्या ताईने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, "आपला हाच खेळ खेळतो ना रे?" तिचा मुलगा कॉलेजात आहे, मित्रांबरोबर जिओकॅशिंग करतो, म्हणजे जीपीएसच्या मदतीने लपवलेले डबे शोधायचा खेळ. ती रात्रभर झोपली नाही.

आधी ते चोप द्यायचं वाक्य घेतो, कारण बाकी सगळं खोटं असलं तरी जीव घेणारं वाक्य तेच आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच माणसं मारली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून जगणारी माणसं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा आधीपासून मोबाइलवर फिरत होती. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना मारलं. एप्रिल २०२० मध्ये पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर अशाच अफवेने गेले. तो भाग २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. आणि येऊरच्या झुडपात वाकलेलं कोण दिसतं? पावसाळ्यात रानभाज्या खुडणाऱ्या पाड्यावरच्या बायका, पक्षी बघणारे, वनरक्षक. यातल्या कुणाला धरायचं, हे मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.

"डबे पुरतात, पैसे असतात." नाही. २ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि सामान्य माणसालाही ठिकाण नेमकं सापडू लागलं. दुसऱ्याच दिवशी ओरेगन राज्यात डेव्ह अल्मर या माणसाने एक बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. खेळ तिथून सुरू झाला. डब्यात एक वही असते, सापडला की नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तिथेच ठेवायचा. फार तर एखादं खेळणं किंवा बिल्ला. जिओकॅशिंगच्या मुख्य संकेतस्थळाचे नियम उघड आहेत: डबा ठेवण्यासाठी खड्डा खणायचा नाही, खाद्यपदार्थ, अमली पदार्थ, शस्त्रं ठेवायची नाहीत, जागेच्या मालकाची परवानगी हवी.

"वनखात्याने मोकळीक दिली." मेसेजमध्ये ना आदेशाचा क्रमांक, ना तारीख. पुढे काय बोलणार?

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते, मनाविरुद्ध का होईना. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं कलम २७ अभयारण्यात विनापरवाना प्रवेशाला आणि कचरा टाकायला मनाई करतं, आणि कलम ३५ ते राष्ट्रीय उद्यानालाही लागू करतं. प्लॅस्टिकचा डबा झुडपात सोडून येणं त्यात बसत नाही, असं मी म्हणणार नाही. डबा शोधायला माणसं पायवाट सोडतात, संध्याकाळी बिबट्याच्या वाटेवर जातात. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांतही परवानगीशिवाय डबा ठेवता येत नाही. बेवारस डब्यामुळे परदेशात बॉम्बपथक बोलवावं लागलंय, हेही खरं. भाच्याला मी स्पष्ट सांगितलंय: उद्यानाच्या हद्दीत डबा ठेवायचा नाही, शोधायचाही नाही.

पण म्हणून सगळ्या वनजमिनींवर बंदी कशाला? बिनडब्याचा प्रकारही आहे. अर्थकॅशमध्ये ठरलेल्या जागी जायचं, खडक बघायचा, प्रश्नांची उत्तरं पाठवायची. मागे काही उरत नाही. वनखात्याने खुल्या पायवाटांवर, दिवसाच्या वेळेत, एवढ्यालाच लेखी परवानगी द्यावी. पारसिकच्या डोंगरावर लाव्ह्याचा काळा खडक उघडा पडलेला आहे, मुलांनी तो वाचायला शिकावा.

आणि जंगलात बेवारस डबा दिसलाच तर हात लावू नका. ११२ वर पोलिसांना किंवा १९२६ या वनखात्याच्या हेल्पलाइनला फोन करा. ताईच्या ग्रुपवर मी हे दोन नंबर टाकले आहेत. तुमच्या ग्रुपवर तो मेसेज आला असेल तर त्याच्या खालीच टाका.