"लोडर अर्ध्या तासात येतो" हा मेसेज पुढं पाठवण्याआधी एवढं वाचा

गेले काही महिने द्राक्षवाल्यांच्या व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फिरतोय, माझ्याकडं तो चार जणांकडनं आला. मजकूर थोडक्यात असा, की मिनी ट्रॅक्टरला पुढचा लोडर, म्हणजे खत-माती उचलायची बकेट, बसवला की वेगळा ड्रायव्हर लागत नाही, मोबाईलवर गेम खेळणारं पोरगं अर्ध्या तासात शिकतं. एकच दांडी आहे, पुढं ढकलली की बकेट खाली, मागं ओढली की वर, डावीकडं भरायची, उजवीकडं ओतायची. जड आलं तर रेस वाढवा. बकेट वर धरून चाला म्हणजे पुढचं दिसतं. मागचा रोटाव्हेटर (माती भुसभुशीत करायचं अवजार) काढून ठेवा म्हणजे गाडी पटकन वळते. आणि लिफ्ट ७५० किलोची आहे म्हटल्यावर तेवढं आरामात उचलतंय.

हा मेसेज वाचून आमच्याच घरातल्या पोरानं लोडर हातात घेतला होता आणि पुढं काय झालं ते मी दहा फुटांवरनं बघितलंय, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ती लिफ्ट. ७५० किलो हा आकडा मागच्या लिफ्टचा आहे, जिथं आपण रोटाव्हेटर, फण जोडतो त्याचा. पुढच्या लोडरशी त्याचा काही संबंध नाही. लोडरचा आकडा त्याच्या पुस्तकात किंवा प्लेटवर वेगळा असतो आणि २४-२५ एचपीच्या गाडीला तो बराच कमी असतो. साधा हिशोब करा ना, बकेट सहा घनफुटाची धरली तर चांगलं कुजलेलं कोरडं शेणखत ऐंशी-नव्वद किलो भरतं, तेच ओलं असलं तर दीडशे, आणि त्याच बकेटमध्ये ओली वाळू घेतली तर सव्वातीनशेच्या घरात जाते. बकेट तीच, डोळ्याला भरलेली तेवढीच दिसते. त्यामुळं कालपर्यंत खत उचलणारी गाडी आज वाळूला पुढं का झुकायला लागली हे नव्या माणसाला कळतच नाही.

रेसचा मुद्दा तर निव्वळ चुकीचा आहे. रेस वाढवली की पंप जोरात फिरतो, तेल जास्त येतं, म्हणजे बकेट *पटकन* हलते. ताकद वाढत नाही. ताकद किती ते रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे तेलाचं जास्तीचं प्रेशर सोडून देणारी झडप, किती प्रेशरला सुटतो त्यावर ठरतं, आणि तो हजार आरपीएमला पण तिथंच सुटतो आणि दोन हजारला पण तिथंच. बकेट उचलेना आणि व्हॉल्व्हचा तो कण्हल्यासारखा आवाज यायला लागला की समजायचं ओझं जास्त झालंय, अर्ध ओतून टाकायचं, विषय संपला. रेस वाढवून नवशिक्याच्या हातात फक्त एक गोष्ट येते, ती म्हणजे दांडी बोटभर हलवली की हातभर उडणारी बकेट.

आता बकेट वर धरून चालायचं म्हणतात ते, इथं मी जरा थांबणार आहे कारण माणसं मरतात ती इथंच.

ट्रॅक्टरला चाकं चार आहेत म्हणून तो चार पायांच्या टेबलासारखा उभा आहे असं आपल्याला वाटतं. तसं नाहीये. एकदा गाडीच्या पुढं उकिडवं बसून खाली बघा, पुढचा एक्सल मधोमध एका पिनवर लटकवलेला असतो आणि तो दोन्ही बाजूंना वरखाली झुलतो, बांधावर, सरीत चारही चाकं जमिनीला टेकून राहावीत म्हणून ते तसं केलेलं असतं. म्हणजे गाडी खरी उभी असते तीन ठिकाणी, मागची दोन चाकं आणि पुढची ती पिन. तिवई आहे ती. आणि तिवईचं निमुळतं टोक पुढं आहे, जिथं तुम्ही ओझं लावलंय. ते ओझं खाली असेल तोवर गाडी सांभाळून घेते, पण डोक्याच्या वर नेलं आणि एक चाक खड्ड्यात गेलं की वजन त्या निमुळत्या टोकाच्या बाहेर जायला कितीसा वेळ लागणार. एक्सल झुलून त्याच्या अडणीला टेकेपर्यंत पुढचं चाक काहीच आधार देत नाही, आणि तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

२०२४ ला ऑक्टोबर छाटणीच्या आधी आमच्याकडं बागेत खत टाकायचं चाललं होतं, तासगावकडं. चुलतभावाचा पोरगा, वय १९, हुशार आहे, ट्रॅक्टर चौथी-पाचवीपासनं बघतोय. उकिरडा पावसानं भिजलेला, त्यानं बकेट शिगोशिग भरली, ट्रॉलीचा फाळका उंच म्हणून तिथनंच बकेट वर घेतली आणि तशीच वर धरून वळवली. रोटाव्हेटर मेसेजमध्ये सांगितल्याप्रमाणे काढून ठेवलेला. ड्रिपच्या मेनलाइनचा चर बुजवलेला होता पण माती बसली नव्हती, उजवं पुढचं चाक त्यात वीतभर गेलं. आणि मला मागच्या डाव्या चाकाखालनं पलीकडची द्राक्षाची ओळ दिसली. चाक हळूहळू फिरत होतं, हवेत. मी ओरडलो, "खाली घे, खाली घे!" त्याला ऐकू गेलं, आणि त्यानं दांडी मागं ओढली. म्हणजे बकेट अजून वर.

हे नीट समजून घ्या. त्याला विचारलं असतं की खाली घ्यायची तर दांडी कुठं, तर झोपेत पण "पुढं" म्हणाला असता. पण घाबरलेला माणूस हातात असेल ते स्वतःकडं ओढतो, पडायला लागलं की धरून ओढतो, हा शरीराचाच स्वभाव आहे. रेस कमी होती म्हणून बकेट टीचभरच वर गेली, मग त्याच्या लक्षात आलं, दांडी पुढं ढकलली, बकेट जमिनीवर आदळली आणि मागचं चाक धपकन खाली बसलं. अर्ध्या तासात येतं ते डोक्याला. हाताला यायला दिवस लागतात आणि वेळ येते तेव्हा हातच कामाला येतो.

म्हणून ओझं घेऊन चालताना बकेट जमिनीपासनं वीत-दीड वीत, त्याच्या वर नाही. पुढचं दिसत नसेल तर कमी भरा. वर घ्यायची ती ट्रॉलीजवळ गेल्यावर, गाडी सरळ आणि सपाटीवर असताना, आणि ओतून झालं की आधी खाली आणि मग वळण. वर घेण्याआधी विजेच्या तारा पण बघा, आपल्याकडं बागेतनं गेलेल्या तारा किती खाली लोंबतात ते मी सांगायला नको.

मागचा रोटाव्हेटर काढू नका, उलट नसला तर जोडा. पुढं ओझं आलं की मागची चाकं हलकी होतात आणि ट्रॅक्टरचे ब्रेक असतात मागच्या चाकांना. हलक्या चाकाला ब्रेक मारून उपयोग काय, ते घासत जातं. उताराला भरलेली बकेट पुढं घेऊन टू-व्हीलमध्ये, म्हणजे फक्त मागच्या दोन चाकांना इंजिन जोडलेलं असताना, उतरणारा माणूस एका अर्थी ब्रेक नसलेल्या गाडीत बसलाय. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकं जोडलेली, टाकलेलं असलं तर मागच्या ब्रेकचा जोर शाफ्टमधनं पुढच्या चाकांपर्यंत पोचतो, म्हणून लोडरच्या कामाला उतारावर ते टाकूनच ठेवायचं. आणि भरलेली बकेट कायम चढाच्या बाजूला, चढताना सरळ, उतरताना रिव्हर्सनं. दीडशे-दोनशे किलोचा रोटाव्हेटर मागं जमिनीलगत लटकत असला की हे सगळं बरंच सुधारतं, वळायला थोडं जड जाईल, जाऊ दे.

दांडीच्या दिशांचं म्हणाल तर एकदांडीच्या लोडरला मेसेजमधल्या दिशा बहुतेक बरोबर आहेत. पण आपल्याकडं गावातल्या वर्कशॉपला बनवलेल्या लोडरना दोन वेगळ्या दांड्या असतात, आणि पाइप उलटे जोडले गेले तर दिशा पण उलट्या होतात. दुसऱ्याच्या गाडीवर बसलात की आधी कमी रेसवर, रिकाम्या बकेटवर कुठली दांडी काय करते ते बघा, मगच ढिगाला भिडा. शिवाय बऱ्याच लोडरला दांडी पुढं शेवटपर्यंत ढकलली की एक खटका बसतो आणि ती तिथंच अडकून राहते, ते फ्लोट. तिथं सिलिंडरचं तेल मोकळं होतं, बकेट जमिनीच्या चढउताराप्रमाणे आपोआप वरखाली होते, अंगण रिव्हर्समध्ये ओढून सपाट करायला उत्तम. पण बकेट वर आणि भरलेली असताना त्या खटक्यात दांडी गेली तर सगळं एकदम खाली. मेसेजमध्ये ह्याचा एक शब्द नाही.

आणि जेसीबीवाल्याला लगेच येतं असंही लोक खाली लिहितायत. जेसीबी सात-साडेसात टनाची, आपली गाडी एका टनाच्या आतबाहेर. त्याला दांडी येते हो, पण त्याची सवय त्या वजनाची आहे.

मग शिकवायचं कसं, तर आम्ही त्या दिवसानंतर पोराला असं बसवलं. रेस कमी, बकेट रिकामी, मागं रोटाव्हेटर. पहिले दोन दिवस फक्त "खाली" म्हटलं की खाली, मी मध्येच कधीही ओरडायचो, हात न बघता पुढं गेला पाहिजे. मग आंघोळीची बादली पाण्यानं भरून बकेटमध्ये ठेवली आणि न सांडता फाळक्याएवढी वर न्यायला सांगितली. हे करून बघाच. दांडी नुसती मागं ओढली तर बकेट जशी वर जाते तसं तिचं तोंड आपल्याकडं कलतं, गाठी किंवा दगड असेल तर ते बोनेटवरनं सरळ अंगावर येतात, म्हणून वर नेता नेता थोडंथोडं उजवीकडं पण द्यावं लागतं. आणि दोन्ही एकदम मागितलं की तेल हलक्या कामाकडं आधी पळतं, बकेट एकदम ओतली जाते आणि वर जाणं थांबतं. पहिल्या दिवशी त्यानं नऊ बादल्या सांडल्या. मनगट केवढं वळवायचं ते कुणी सांगून कळत नाही, ते पाण्यानंच शिकवलं.

आठव्या दिवशी बादली वर गेली, पाणी नुसतं काठाला डुचमळलं. नवव्या दिवशी त्याला खत भरायला दिलं, अर्धी बकेट.