रुमालाची गाठ न सोडता इतिहास शिकवणाऱ्यांसाठी

आज एम.ए.चा एक शोधप्रकल्प तपासायला आला. अठराव्या शतकातल्या एका परगण्यावरचा. भाषा नेटकी, मांडणीही बरी, आणि मध्येच एक तळटीप: ‘पेशवे दफ्तर, पुणे.’ बस्स. पेशवेकाळातल्या सरकारी कागदांचा हा साठा, कापडी गाठोड्यांत म्हणजे रुमालांत बांधलेला. पण रुमाल क्रमांक नाही, कागदाचा क्रमांक नाही, तारीख नाही. हजारो रुमालांतला नेमका कोणता कागद, हे वाचणाऱ्याने हुडकायचं! पुस्तकाचा संदर्भ नुसता ‘ग्रंथालय, पुणे’ असा दिला तर चालेल का? वर मार्गदर्शकांची सहीसुद्धा आहे.

पोरीवर राग नाही. तिला कुणी दाखवलंच नाही तर ती काय करणार? आपल्याकडे ‘अभिलेखागार भेट’ म्हणजे एक बस, काचेखालचं एखादं फर्मान, अधिकाऱ्यांचं भाषण आणि दारात ग्रुप फोटो. रुमालाची गाठ कुणी सोडत नाही. मग प्रकल्पावर लाल शाईने शेरा, ‘प्राथमिक साधने वापरावीत’. कशी वापरावीत ते मात्र सांगायचं नाही.

अहो, आधी शिक्षकाने एकट्याने जाऊन यावं. सूची बघून, रुमाल मागवून, विद्यार्थ्यांसमोर कोणते कागद ठेवायचे ते ठरवून यावं. मग पाच-सहा जणांना न्यावं. एका कागदावर त्याहून जास्त डोकी वाकत नाहीत, बाकीचे मोबाइल काढून बसतात. आणि प्रश्न लहान द्यावा. ‘पेशवेकालीन अर्थव्यवस्था’ घेऊन गेलेलं पोरगं संध्याकाळी रिकाम्या हाताने परत येतं. ‘अमुक साली या परगण्यात वसुलात सूट किती दिली’ एवढंच घेऊन गेलं तर कोणता कागद मागायचा हे तरी कळतं.

तेही आधी सांगावं लागतं. प्रांत अजमास म्हणजे अंदाज, प्रत्यक्ष जमाखर्च नव्हे. रोजकीर्द तारीखवार असते. घडणीत त्याच नोंदी खातेवार लावलेल्या असतात. एकच रक्कम दोन्हीकडे दिसते आणि विद्यार्थी दोन्ही आकडे धरून मोकळा होतो. खर्च दुप्पट, निष्कर्ष जोरदार!

तारखांचं तर विचारू नका. सुहूर सन, म्हणजे मराठी दफ्तरांतली वर्षगणना, अरबी शब्दांत लिहिलेला असतो, एकम आधी. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर, हजार, एकूण ११६१. यात ५९९ मिळवले की इसवी सन, हे कुठेतरी वाचलेलं असतं. पण सुहूर वर्ष मृगाला सुरू होतं, त्यामुळे जानेवारी ते मृग या काळासाठी ६०० मिळवावे लागतात. पानिपत झालं १४ जानेवारी १७६१ ला, सुहूर ११६१ मध्ये. सरसकट ५९९ मिळवणाऱ्याचं पानिपत वर्षभर आधीच होऊन जातं! शिवाय ‘छ’ पुढचा चांद्र दिनांक पत्र लिहिल्याचा आणि ‘पै’ पुढचा पत्र पोचल्याचा. हे दोन्ही एकच समजले की डाक वाऱ्याच्या वेगाने पळायला लागते.

त्या तळटिपेत तारीख का नव्हती, याचा मला आता अंदाज येतोय. लावताच आली नसणार.

‘मोडी येत नाही हो त्यांना’, हे ठरलेलं उत्तर. पुराभिलेख संचालनालय मोडीची परीक्षा घेतं, पाठवा की पोरांना. सुरुवातीला सगळं वाचायचा हट्ट नको. मोडीत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसतो, म्हणून आधी मायना पाठ करायचा. ‘राजश्री’, ‘गोसावी यांसी’, ‘विनंती उपरी’ हे ठरावीक शब्द पत्रात असणारच. ते ओळखले की त्या लेखकाच्या हातचे र, ज, व, न सापडतात. त्यावरून त्या एका हाताचा अक्षरतक्ता करायचा आणि मग मजकुरात शिरायचं. दुसरा कारकून आला की तक्ता दुसरा.

इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापले, १९३० ते ३४ च्या दरम्यान. तिथून सुरुवात करा, बरं, मान्य. पण ती निवड आहे, आणि तिच्यात राजकारणाची पत्रं जास्त. बखरीत जिचा मागमूस नाही अशी बाई हिशेबाच्या एका ओळीत ‘कुणबीण’, म्हणजे गुलाम बाई, म्हणून सापडते, किमतीसकट. अशा ओळीसमोर विद्यार्थी पहिल्यांदा गप्प होतो. त्या वेळी आपणही जरा गप्प बसावं, लगेच व्याख्यान सुरू करू नये.

जिल्ह्याच्या ठिकाणी शिकवणाऱ्यांनी पुण्या-मुंबईची वाट बघू नये. कोल्हापूर आणि नागपूरलाही अभिलेखागारं आहेत. नगरपालिकेची जुनी इतिवृत्तं, तहसीलचा अभिलेख कक्ष तर हाताशी आहे आणि त्यातलं बरंच देवनागरीत आहे. फक्त सरकारी कागदांची अ, ब, क, ड वर्गवारी आधी समजावा. अ वर्ग कायमचा, बाकीचे मुदतीनंतर नष्ट होतात. ‘अर्ज सापडले नाहीत, म्हणजे लोकांनी तक्रार केली नाही’ असं लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसतं.

फोटोची परवानगी मिळाली तर पहिला फोटो रुमालावरच्या चिठ्ठीचा, मग कागद, मग कागदाची पाठ. फ्लॅश बंद. एवढं पाळलं तरी ‘पेशवे दफ्तर, पुणे’ असली तळटीप होत नाही, कारण क्रमांक आपोआप सोबत येतो. शाईचं पेन बाहेर, आत पेन्सिल. कागदांचा क्रम बदलायचा नाही, बोटाला थुंकी लावून पान उलटायचं नाही (हसू नका, लावतात). फाटकी कड दिसली तर चिकटपट्टी न लावता कर्मचाऱ्याला सांगायचं.

तासिका, पेपर तपासणी, नॅकच्या (महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या) फायली, सगळं ठाऊक आहे मला. तिकडे कर्मचारीही अपुरे, रुमाल यायला वेळ लागतो. असेल. म्हणून सही करताना तळटीप वाचायची नाही?

दिवाळीच्या सुट्टीत पोरांना पाठवणार असाल तर सरकारी सुट्ट्यांची यादी आधी बघा. सोबत ओळखपत्र आणि विभागाचं पत्र द्या, पत्रात विषय आणि कालखंड स्पष्ट लिहा. आणि त्यावर शिक्का मारा, नाहीतर पोरं दारातूनच परत येतात.