रेसोची खरखर ऐकू येतेय का?

आर. डी. बर्मनची सत्तरच्या दशकातली गाणी ऐकताना आधी तालाकडे कान द्या. चाल काय, सगळ्यांनाच पाठ असते. मारुतीराव कीरांचा तबला, होमी मुल्लांची डुग्गी, रणजित गजमेरांचा मादल हा नेपाळी ढोल, अमृतराव काटकरांचा खाचांवर काडी घासून वाजणारा रेसो, सगळं वेगवेगळं ऐकू यायला हवं. ‘यादों की बारात’मधलं (१९७३) ‘चुरा लिया’ सुरू होताना काचेच्या ग्लासवर चमचा वाजतो. तो नाद विरेपर्यंत ऐकू आला पाहिजे.

‘झंकार बीट्स’वाल्या कॅसेटींनी नेमकं हेच मारलं. मूळ गाण्यावर इलेक्ट्रॉनिक ड्रम चढवले आणि रेसो त्या ठोक्यांखाली गाडला गेला. त्याच आवृत्त्या आज ऑनलाइन फिरतात, आणि नवी मुलं त्यालाच मूळ गाणं समजतात. फार वाईट वाटतं. म्हणून सांगतो, जमेल त्याने त्या काळची एलपी, म्हणजे मोठी तबकडी, मिळवून ऐकावी.

मुंबईच्या चोरबाजारात मटण स्ट्रीटला रेकॉर्ड घेताना कव्हरला भुलू नका. रेकॉर्ड उजेडात तिरकी धरा. वरवरचे केसासारखे ओरखडे बहुतेकदा वाजत नाहीत. नखाला लागणारा चरा मात्र हमखास ‘टक्‌ टक्‌’ करतो. काळी चकाकी जाऊन खोबणी (सुई ज्यातून फिरते त्या बारीक रेघा) करड्या दिसत असतील तर झिजलेल्या सुईने त्या खाल्ल्यात, आणि ते धुऊन जात नाही. बाजूचं शेवटचं गाणं खास बघा. आत जावं तशी सुईखालची गती कमी होते, त्यामुळे ‘स’ आणि ‘श’ तिथेच आधी फाटतात.

धुवायला डिस्टिल्ड वॉटर आणि भांड्यांच्या साबणाचे दोन-तीन थेंब पुरतात. नळाचं पाणी सुकलं की क्षार खोबणीत बसतात. मऊ कापड गोलाकार, खोबणीच्या दिशेनेच फिरवा, लेबल कोरडं ठेवा, शेवटी नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने साबण काढा. घरात लाखेच्या ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जुन्या रेकॉर्ड असतील तर त्यांना स्पिरिट अजिबात लावू नका, लाख विरघळते. त्यांना सुईही वेगळी, जाड टोकाची लागते. एलपीची बारीक सुई त्यांच्या रुंद खोबणीच्या तळाशी घासत जाते.

सुईचं रेकॉर्डवर पडणारं वजन कमी ठेवलं की रेकॉर्ड वाचते, हा मोठा गैरसमज आहे. हलकी सुई खोबणीत बसत नाही, उडते आणि भिंती खरवडते. आजच्या बऱ्याच मॅग्नेटिक कार्ट्रिजना (सुई बसवलेला छोटा भाग) दीड ते अडीच ग्रॅम लागतं. तुमच्या कार्ट्रिजच्या कागदावर असेल तेच धरा आणि छोट्या वजनकाट्यावर मोजा.

आणि मुंबईचा पावसाळा! आतली कागदी पाकिटं ओल धरतात आणि बुरशी येते. ती बदलून पॉलिथिनची घाला. रेकॉर्ड उभ्याच ठेवा, एकावर एक रचल्या की वाकतात. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट मात्र जून ते सप्टेंबर टाळा.