नंदुरबारचं मागासपण, अल्तातून बघताना

आमच्या शाळेचा ग्रुप आहे, सगळे शहादा-तळोद्याकडचे, आता पुणे-नाशिक-सुरतेला पांगलेले, आणि तिथं दर थोड्या दिवसांनी एकच वाद पेटतो की नंदुरबारवर एवढा पैसा ओतूनही जिल्हा शेवटून पहिलाच का. आकडे खोटे नाहीत, २०११ च्या जनगणनेत साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, राज्यात सगळ्यात कमी. मग कोणीतरी हमखास उपाय सांगतो: सातपुड्यातल्या पोरांना लहानपणीच पाड्यावरून उचला, लांबच्या इंग्रजी निवासी शाळेत टाका, पावरी-भिली ह्या घरच्या आदिवासी बोली विसरली की आपोआप मुख्य प्रवाहात येतील.

मी राहतो नॉर्वेच्या पार उत्तरेला, फिनमार्कमधे, अल्ता गावात. हा उपाय इथं करून झालाय हो! सामी म्हणजे इथले मूळचे आदिवासी, त्यांची पोरं पिढ्यानपिढ्या वसतिगृहाच्या शाळांत ठेवली, शिकवायचं फक्त नॉर्वेजियनमधे, त्यांचं योइक गाणं शाळेत म्हणायला बंदी. शेवटी १९९७ मधे राजाला सामी संसदेत, म्हणजे सामींनी निवडलेल्या त्यांच्या स्वतःच्या सभेत, उभं राहून माफी मागावी लागली आणि २०२३ मधे सत्यशोधन आयोगाचा जाडजूड अहवाल आला. इथले म्हातारे सामी सांगतात की आईबापांनी मुद्दामच आमच्याशी सामी बोलणं सोडलं, पोरांना शाळेत त्रास नको म्हणून. आता तेच सरकार सामीतून बालवाडी चालवतं, पण ज्या घरात भाषा तुटली तिथं आजीशी नीट बोलता येत नाही ते नाहीच.

सामी संसदही काही फुकट नाही मिळाली. अल्ता नदीवरच्या धरणाविरुद्ध १९७८ पासून आंदोलन झालं, ओस्लोत नॉर्वेच्या संसदेसमोर उपोषण झालं, धरण तरी झालंच, पण त्या भांडणातून १९८७ चा सामी कायदा आणि १९८९ ची संसद आली. आपल्याकडे सरदार सरोवरात अक्कलकुवा-अक्राणीची ३३ गावं गेली आणि लोकांनी स्वतःच्या जिद्दीवर नर्मदाकाठी जीवनशाळा काढल्या, पहिल्या चिमलखेडी आणि निमगव्हाणला, तिथं पोरांच्या बोलीपासून शिकवायला सुरुवात. वाद घालणाऱ्या आमच्या किती जणांना हे माहीत असेल, शंकाच आहे.

दवाखान्याचं मात्र इथलं बघून जीव जळतो. फिनमार्क नंदुरबारच्या आठपट मोठा, माणसं जेमतेम ७५ हजार, आणि कौतोकेइनो ह्या आतल्या सामी गावाहून हामरफेस्टचं हॉस्पिटल अडीचशे किलोमीटरच्या वर. पण बाळंतपणाची जागा दीड तासापेक्षा लांब असेल तर अॅम्ब्युलन्समधे सोबत सुईण असते, तो नियमच आहे. धडगावच्या वरच्या पाड्यांवरून अजून बाईला बांबूच्या झोळीत घालून खाली आणतात, नर्मदेकाठच्या गावांना बोट अॅम्ब्युलन्स. तुम्ही म्हणाल त्यांच्याकडे तेलाचा पैसा आहे, खरंय, आणि डॉक्टर इथंही टिकत नाहीत, दर थोड्या महिन्यांनी नवा चेहरा, लोक वैतागतात. पण अंतराचा दोष कोणी बाईवर ढकलत नाही. 'ह्या लोकांना दवाखान्यात यायचंच नसतं' हे वाक्य मी इथं ऐकलं नाही, आमच्या ग्रुपवर कायम ऐकतो. २०२० मधे नंदुरबारला मेडिकल कॉलेज झालं, छान झालं, पण तिथून निघालेले किती डॉक्टर सातपुड्यात मोलगीसारख्या गावाला राहतील ते बघायचं.

आणि संस्कृती म्हटलं की सगळ्यांना काठी गावची राजवाडी होळी आठवते, मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरू न् भोपळे, पहाटेची होळी, ड्रोनचे व्हिडिओ. पण नाचणाऱ्यांतले कितीतरी जण दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला गेलेले असतात, होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला परत येतात, आणि त्या काळात पोरांची शाळा बुडते. पाड्यावर आजीआजोबांजवळ पोरं राहू शकली, गावातच हंगामी वसतिगृह नीट चाललं, तर निम्मा प्रश्न तिथंच मिटतो, त्यासाठी लांबच्या इंग्रजी शाळेची फी भरायची गरज नाही.

ग्रुपवर मी एवढंच लिहिलं की पहिली-दुसरीच्या वर्गात गुरुजींसोबत पावरी बोलणारी गावातलीच एक शिकलेली मुलगी द्या, आणि मानधनावर नको, पूर्ण पगारावर द्या. दोघांनी अंगठा दिला, एकजण म्हणाला तू तिकडे बसून बोलतोस. बसलोय खरा, पण पगाराच्या मुद्द्यावर अजून कोणी काही बोललेलं नाही.