पोरगं अगदी शांत आहे हं!

"पोरगं अगदी शांत आहे हं मॅडम, काही त्रास नाही" हे वाक्य फोनवर ऐकलं की मी पर्समध्ये चार सेफ्टी पिना, केसाला एक जादा रबर आणि डोकेदुखीची गोळी टाकून घेते. कारण फोन करणाऱ्या माणसानं त्या पोराजवळ अख्खा एक तास कधी बसलेलं नसतं, आणि जी बाई रोज बसते ती आज रजेवर, तिचा फोन लागत नाही, कारण ती सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर गेलेली असते नाहीतर नणंदेच्या साखरपुड्याला चिक्कोडीला, आणि तिथं रेंज असली तरी ती उचलणार नाही, तिच्या जागी मी असते तर मीही नसता उचलला.

माझं काम नेमकं काय ते आधी सांगते, कारण आमच्या सासूबाईंनाच अजून कळलेलं नाही. वर्गात एखादं मूल असतं, ज्याला बघायला, ऐकायला, हात चालवायला किंवा नुसतं त्या गोंगाटात टिकून बसायला मदत लागते. त्याच्या शेजारी बसायला एक बाई ठेवतात. इंग्लिश मीडियमवाले तिला शॅडो टीचर म्हणतात, बाकी ठिकाणी "त्या पोराच्या बाई". ती आली नाही की मला बोलावतात. स्पेशल एज्युकेटर वेगळे हं, ते रीतसर शिकून आलेले असतात, त्यांच्याकडं आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नोंदणी नंबर असतो. माझ्याकडं फक्त मोबाईल नंबर आहे, आणि तो बेळगावात वडगावपासून हिंडलग्यापर्यंत बऱ्याच शाळांच्या ऑफिसात प्लंबर आणि पाण्याचा टँकरवाला यांच्या मधे चिकटवलेला आहे. सरकारी शाळांसाठी तालुक्याला बीआयईआरटी म्हणून विशेष शिक्षक असतात, पण खानापूर तालुका एकदा फिरून बघा, निम्मं जंगल, पावसात ओढे भरलेले, आज कणकुंबी तर उद्या नंदगड करणारा माणूस रोज एकाच पोराजवळ बसणार कसा?

सासूबाईंचं म्हणणं सोपं आहे. "नुसतं शेजारी बसायचं आणि त्याचे पैसे देतात? मग मी बी येतो की, मला बी बसायला येतंय."

फोन येतो तो दूधवाल्याच्या आधी. २०२३ च्या जूनपासून कर्नाटकात शक्ती योजनेमुळं आम्हा बायकांना बस फुकट आहे, आधार कार्ड दाखवायचं आणि शून्याचं तिकीट घ्यायचं. फुकट म्हणून पाय ठेवायला जागा नसते ते सोडा, पण माझ्यासारखीला हे फार सोयीचं, कारण सीबीटीपर्यंत, म्हणजे मुख्य बसस्टँडपर्यंत, पोचले की पुन्हा फोन येतो, "मॅडम, त्या बाई आल्या बरं का, तुम्ही नका येऊ", मग निदान तिकिटाचे पैसे तरी बुडत नाहीत. आणि बाई आल्या नसतील तर टिळकवाडीतलं दुसरं रेल्वे गेट पडलेलं असतं. ते माझ्यासाठी उघडं असलेलं मी अजून बघितलेलं नाही.

शाळेत पोचल्यावर वॉचमन "यार बेक्री?" म्हणजे कोण पाहिजे, करून अडवतो. व्हिजिटर रजिस्टरात "भेटीचे कारण" असा रकाना असतो, त्यात मी "पोराजवळ बसणे" असं लिहिते, आणि तो ते वाचून मला आणखी पाच मिनिटं उभी करतो. स्टाफरूममध्ये कुणाला वाटतं मी फी कमी करून मागायला आलेली पालक, कुणाला वाटतं इन्शुरन्सवाली. शेवटी हेडबाई वर्गाच्या दारापर्यंत येतात, पुन्हा एकदा "शांत आहे हं" म्हणतात आणि जातात. खुर्ची नसते. तिसरीच्या बेंचवर बसायचं, गुडघे हनुवटीला, आणि बारकी पोरं मागनं विचारतात, "टीचर, ही नवीन मुलगी नापास झालेली काय?"

आता मुद्द्याचं. इतक्या शाळा फिरून माझी खात्री झाली आहे की त्या पोराची खरी माहिती अख्ख्या शाळेत एकाच माणसाकडं असते, आणि त्याला कुणी विचारत नाही. तो म्हणजे बेंचमेट. फायलीत रिपोर्ट असतात, यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगाच्या ओळखकार्डाची झेरॉक्स असते, २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातावरनं एकवीस प्रकार केले त्याचा तक्ताही ऑफिसच्या भिंतीवर असतो. पण पंखा किती नंबरवर ठेवायचा हे त्यातल्या एकाही कागदावर नसतं.

एका शाळेत सहावीतल्या मुलीला कानाचं मशीन होतं. गणिताचा तास चालू, आणि बारीक शिट्टी वाजायला लागली. सरांना वाटलं कुणीतरी मोबाईल आणलाय. त्यांनी सगळ्यांची दप्तरं उलटी केली, मग माझी पर्स, आणि त्यातनं सेफ्टी पिना निघाल्यावर माझ्याकडं असं बघितलं की मीच शिट्टी लपवून ठेवलीय. तिच्या शेजारची मुलगी मात्र वहीतनं मान न काढता म्हणाली, "सर, मशीन वाजूलालंय. हिचा कान मोठा होतोय, मोल्ड तेवढाच ऱ्हातोय. सैल झाला की वाजतंय." बोट लावून तिनं मोल्ड, म्हणजे मशीनचा कानात बसणारा साचा, नीट बसवला, शिट्टी बंद. दुपारी बॅटरी बदलायची वेळ आली तेव्हा सरांनी काटकसर म्हणून सहाच्या सहा बॅटऱ्यांचे नारिंगी स्टिकर आधीच काढून ठेवायला घेतले, म्हणजे उद्या पटकन होईल. तर ही पुन्हा, "सर नको! स्टिकर काढला की हवा लागून ती सुरू होती, मग परत चिकटवून उपयोग न्हाई." सरांनी डबी माझ्या हातात दिली. मी ती त्या मुलीच्या हातात दिली.

दुसरीकडं एकदा आठवीतल्या पोराला फिट आली. यातलं मला नीट येतं. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली स्वेटर, कॉलर सैल, तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत आणि घड्याळ बघायचं. पण तोवर शिपाईमामा उजव्या पायातली चप्पल घेऊन धावत आले, अक्षर दासोहच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या, स्वयंपाकघरातनं मावशी कांदा फोडून घेऊन आल्या, एका सरांच्या हातात किल्ल्यांचा जुडगा, एक बाई चमचा शोधायला गेलेल्या, आणि या सगळ्यांना अडवायला मी एकटी, म्हणजे पोराला सांभाळणं त्या मानानं सोपं होतं. त्या गोंधळात मागच्या बाकावरनं एक आवाज स्वच्छ येत होता. "बाई, एक मिनिट झालं." मग, "बाई, दोन झाली. पाच झाली की १०८ ला लावायचा, त्याच्या आईनं मला सांगून ठेवलंय." बेंचमेट, दुसरं कोण. तिसरं मिनिट पुरं व्हायच्या आत थांबलं. पोरगं थोडा वेळ गुंगीत पडून होतं, मग हळूच डोळे उघडून त्यानं पहिलं काय विचारलं, तर, "ही चप्पल कुणाची?" मामांनी ती मुकाट्यानं पायात घातली. कांदा त्या दिवशीच्या सांबारात गेला असणार, चव बरी होती.

घरच्या मंडळींचं एक वेगळंच असतं. एका पोराचं सिव्हिलमधनं ४५ टक्के दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट आलं. ४० किंवा त्याच्या वर असलं की सवलतींना पात्र होतं, म्हणून आई-बाबा कागद घेऊन माझ्याशी बोलत गेटवर उभे. आजी तो कागद बघून म्हणाली, "आणि म्हणत्यात पोरगं कच्चं हाय. ह्याच्या काकाला धावीला पस्तीस पडलेले." ती हसत नव्हती. पण तिला सगळं कळत होतं असा मला दाट संशय आहे, कारण काका मागंच उभा होता.

पण माझा सगळ्यात कडक मास्तर म्हणजे एका चौथीतल्या स्वमग्न मुलाचा बेंचमेट. टाय कानाखाली, खिशावर शाईचा डाग, आणि मी बसायच्या आत सूचना सुरू. "बाई, हिकडं नका बसू, त्याची खिडकी झाकती. पंखा तीनवर. चारवर आवाज करतोय मग तो कान झाकतोय. 'चल चल' म्हणायचं न्हाई, कार्ड दाखवायचं. डब्यात पहिला भात, मग चपाती. दोन्ही एकमेकाला लागली तर मग मला सांगू नका." मी हो म्हटलं. नोकरीत एवढं स्पष्ट मला कुठल्या प्रिन्सिपॉलनं सांगितलेलं नाही.

बेंचवर चित्रांच्या कार्डांची पट्टी होती, दिवसाचं टाइमटेबल. प्रार्थना, गणित, चेंडू म्हणजे पीटी, डबा, घर. आणि बाहेर आपला बेळगावचा जुलै. ग्राउंडचं तळं झालेलं, पीटी रद्द. पोरगं चेंडूचं कार्ड हातात घेऊन उभं राहिलं आणि दाराकडं निघालं. मी मराठीत सांगितलं, पाऊस आहे रे बाळा. टीचरनी इंग्लिशमध्ये सांगितलं, नो पीटी टुडे. झाडलोट करणाऱ्या मावशी कन्नडात म्हणाल्या, "मळी बराकत्तेति, कूंडऽ." मग पीटीचे सर स्वतः आले आणि त्यांनी तिन्ही भाषा मिसळून सांगितलं. पोराचा आवाज चढायला लागला, हात फडफडायला लागले, आम्ही चौघं मोठी माणसं एकमेकांना हळू बोला हळू बोला म्हणून ओरडायला लागलो. त्याचं बरोबरच होतं. चार माणसं काहीही बडबडू देत, पट्टीवर चेंडू होता तर चेंडूच.

बेंचमेटनं शांतपणे कंपासपेटी उघडली. त्यात एक पुठ्ठ्याचा तुकडा, निळ्या पेननं काढलेला ढग आणि छत्री. तो त्यानं चेंडूच्या जागी लावला, त्याच्यापुढं रंगाच्या ब्रशचं कार्ड लावलं. पोरानं पट्टी बघितली, खिडकीतनं पाऊस बघितला, पुन्हा पट्टी बघितली, आणि बसलं.

टीचर म्हणाल्या, "अरे, मग आधी का नाही काढलंस?"

"मोठी माणसं बोलूलालती की," तो म्हणाला. "मधे कसं बोलायचं?"

डब्याच्या सुट्टीत भात आणि चपाती वेगवेगळ्या झाकणांत ठेवून झाल्यावर त्यानं मला विचारलं, "बाई, तुम्हाला ह्याचे पैसे मिळतात?"

म्हटलं, मिळतात.

"किती?"

सांगितलं. त्यानं डब्याखालच्या पेपरवर पेन्सिलीनं भागाकार केला, एकदा खोडून पुन्हा केला. "मग निम्मे माझे. सगळं मीच सांगूलालोय."

मी समजावलं, बाबा रे, व्हाउचर एकाच्याच नावानं निघतं, आणि ते सुद्धा ऑफिसातले क्लार्क "किरकोळ दुरुस्ती" या खात्यात टाकतात, महिना महिना पास होत नाही. त्याला ते पटलं, त्याचे बाबा कॉन्ट्रॅक्टर होते. मग रोख नको, खाऊ द्या, असं ठरलं. मी चॉकलेट म्हटलं, तो नको म्हणाला.

"कुंदा. पावशेर. ह्याला पण लागतोय."

"याला कुंदा चालतो?"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की सकाळपासूनचं सगळं शिकवणं वाया गेलं. "चालतोय की. फक्त भाताला लागू द्यायचा न्हाई."